अगदी, साफ, पार, ठार

इंग्रजी शिकायला लागलेल्या मराठी माणसाच्या हाती ‘व्हेरी’ हा शब्द पहिल्या आठवड्यातच पडतो आणि मग तो काही केल्या सुटत नाही. वहीत त्याच्यासमोर ‘फार, खूप, अतिशय’ असे तीन अर्थ लिहिलेले असतात. अर्थ बरोबर आहेत. व्हेरी गुड, व्हेरी बॅड, व्हेरी टायर्ड इथवर त्यांच्या भरवशावर निभावतंही. पण ‘मला हे काम खूप आवडतं’ हे सांगायची वेळ आली की तोंडातून ‘आय व्हेरी लाइक’ निघतं, आणि ‘अहो, मी साफ विसरलो’ हे सांगायची वेळ आली की काहीच निघत नाही. समोरचा वाट बघत असतो. बोलणारा शब्द शोधत राहतो आणि शेवटी ‘सॉरी’ म्हणून गप्प बसतो. व्याकरण त्याला येत असतं. विसरण्याच्या जोडीला इंग्रजीत कोणता शब्द लागतो, एवढंच त्याला कधी कुणी सांगितलेलं नसतं.

हे पुस्तक अशा जोड्यांचं आहे. व्हेरी, टू, सो, क्वाइट, रादर, हायली, डीपली, बिटरली, कंप्लीटली, अटर्ली आणि त्यांची भावंडं कोणत्या शब्दाशेजारी बसतात आणि कोणत्या शब्दाशेजारी बसायला नकार देतात, याची ही ओळख आहे. व्याकरणात यांना परिमाणवाचक क्रियाविशेषणं म्हणतात. ही ओळख मराठीतून करून दिली आहे, आणि मराठीच्याच आधाराने. हा आधार का घेतला, ते जरा विस्ताराने सांगायला हवं, कारण पुस्तकाची सगळी मांडणी त्यावर उभी आहे.

पुस्तकाची जुळवाजुळव काशीमीऱ्यात झाली. काशी आणि मीरा ही मूळची दोन गावं. आज मुंबई–अहमदाबाद महामार्गाला मीरा-भाईंदरचा रस्ता जिथे मिळतो, त्या नाक्याचं नाव म्हणूनच बहुतेकांना ते ठाऊक आहे. मीरा-भाईंदरची नगरपरिषद 1985 मध्ये झाली, महानगरपालिका 2002 मध्ये, आणि 2011 च्या जनगणनेपर्यंत इथली वस्ती 8,09,378 वर गेली होती. म्हणजे इथला बहुतेक माणूस कुठून तरी आलेला. संध्याकाळच्या वर्गात आगरी घरातली मुलं असतात, माशाच्या पाड्यावरची असतात, साताऱ्या-सांगलीकडून आलेल्यांची असतात, तशी गुजराती आणि उत्तर प्रदेशी घरांतलीही असतात. कुणी दवाखान्याच्या खिडकीवर बसतं, कुणी हॉटेलच्या काउंटरवर, कुणी कुरिअरच्या गोदामात पावत्या फाडतं. महाराष्ट्रात 2000 पासून इंग्रजी पहिलीपासून आहे, त्यामुळे यांतल्या बहुतेकांनी दहा-बारा वर्षं इंग्रजी शिकलेलं असतं. क्रियापदाचे काळ त्यांना येतात. कर्मणी प्रयोग येतो. खिडकीसमोर उभ्या असलेल्या माणसाला ‘तुमच्या वडिलांची प्रकृती बरीच सुधारली आहे’ हे सांगता येत नाही.

यावरचा नेहमीचा उपाय म्हणजे यादी. परिमाणवाचक क्रियाविशेषणांची यादी शालेय व्याकरणात असतेच: किंचित, जरा, थोडा, अत्यंत, अगदी, भरपूर, मुळीच. इंग्रजीच्या पुस्तकातही तशीच असते. विद्यार्थी ती पाठ करतात. पण यादीत सगळे शब्द एका रांगेत, एकमेकांपासून सुटे उभे असतात, आणि बोलताना ते कधीच तसे भेटत नाहीत. जोर देणारा शब्द एकटा राहत नाही. त्याची सोयरीक ठरलेली असते, आणि ती कळल्याशिवाय तो शब्द कळला असं म्हणता येत नाही.

ही गोष्ट मराठी माणसाला नव्याने शिकवावी लागत नाही. ती त्याच्या कानात लहानपणापासून आहे.

‘पांढरा’ हा शब्द घेऊ. धुऊन वाळत घातलेलं धोतर पांढरंशुभ्र असतं. घाबरलेल्या माणसाचा चेहरा पांढराफटक पडतो. आता अदलाबदल करून बघा. ‘भीतीने ती पांढरीशुभ्र झाली’ असं कुणी म्हटलं तर ऐकणारा थबकेल. अर्थ त्याला लागेल, पण काहीतरी बिनसलं आहे हेही लगेच कळेल. शुभ्रमध्ये स्वच्छता आहे, तेज आहे. फटकमध्ये रक्त ओसरल्याची भावना आहे. पांढरेपणाचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच, पण बोलणाऱ्याचं मन वेगळं. लाल रंगाचं तर याहून बहारीचं आहे. रागाने किंवा उन्हाने तोंड लालबुंद होतं. साडी लालभडक असते, आणि तसं म्हणणाऱ्याला ती बहुधा नेसायची नसते. पोपटाची चोच लालचुटुक असते, लहान मुलाचे ओठही. केस काळेभोर, ढग काळाकुट्ट. आपल्या लेकीच्या केसांना कुठलीही आई काळेकुट्ट म्हणणार नाही. पिवळीधमक हळद, हिरवंगार शेत, निळंशार पाणी. हे कुणी पाठ केलं नाही. यांचा तक्ता कुठल्या वर्गाच्या भिंतीवर टांगलेला नसतो. तरी चौथीतल्या मुलाचा कान यात चुकत नाही.

वर्गात हे शब्द चालले होते ते 2025 च्या जुलैत. याच शहरात तेव्हा भाषेवरून मोर्चे निघत होते. त्या दिवसांत वर्गातल्या गुजराती मुलीने हिरव्यागारला ‘लीलुंछम’ सांगितला आणि लालबुंदला ‘लालचोळ’. गुजरातीतही रागाने माणूस लालचोळच होतो. उत्तर प्रदेशातल्या मुलाने ‘सफेद झक’ सांगितलं आणि लगेच स्वतःच जोडलं, की हे चेहऱ्याला नाही चालणार, कपड्यालाच चालेल. फळ्यावर तीन भाषांतले रंग एकाखाली एक उभे राहिले. प्रत्येकाला आपापल्या भाषेतली जोडी कुठे चालते आणि कुठे नाही याची खात्री होती. ती खात्री हीच आमची खरी पुंजी आहे असं मला तेव्हा ठामपणे वाटलं. इंग्रजीत त्यांना जे शिकायचं होतं, ते त्यांना तत्त्वतः आधीच येत होतं.

कारण इंग्रजीही हेच करते. आभार मानताना ‘डीपली ग्रेटफुल’, दुखावलं गेल्यावर ‘डीपली हर्ट’: डीपली मनाच्या आतल्या गोष्टींकडे जातो. हायलीचा कल योग्यता, शक्यता, मोबदला यांच्याकडे असतो: हायली क्वालिफाइड, हायली लाइकली, हायली पेड. माणूस कितीही उंच असला तरी ‘हायली टॉल’ होत नाही आणि कितीही आनंदात असला तरी ‘हायली हॅपी’ होत नाही. बिटरली थंडीला लागतो आणि निराशेला लागतो. बोचणारं काहीतरी त्याला हवं असतं. अटर्ली बहुतेक वेळा वाईटाच्या सोबतीला दिसतो: अटर्ली यूजलेस, अटर्ली रिडिक्युलस, अटर्ली एक्झॉस्टेड. मराठीत ही जागा ‘पार’ने घेतली आहे. पार थकलो, पार बिघडलं, पार वाट लागली. ‘घोर’ हाही त्याच घरातला, फक्त नामांजवळ बसणारा: घोर अपमान, घोर निराशा, घोर अपराध. घोर आनंद कुणाला होत नाही.

मुंबईतल्या सिल्व्हेस्टर डाकुन्हा यांच्या जाहिरात संस्थेने 1966 मध्ये अमूल लोण्याची मोहीम हाती घेतली. तिच्यातलं ‘अटर्ली बटर्ली डिलिशस’ आजही रस्त्याकडेच्या फलकांवर दिसतं. त्यात यमकाची मजा तर आहेच, पण वाईटाची सवय लागलेला अटर्ली उचलून चवदार गोष्टीशेजारी बसवला आहे, त्या खोडीचीही मजा आहे. नेहमीची जोडी माहीत असेल तर ती मोडण्यातली गंमत कळते. आपल्याकडे ‘भयंकर सुंदर’ म्हणणारा हेच करतो.

आता थोडं अधिक काटेकोर व्हावं लागेल, कारण सर्वांत जास्त अडचण जिथे होते ती जागा आली आहे. काही गुण चढत्या पायऱ्यांचे असतात. मोठा, अधिक मोठा, फार मोठा. थंड, अधिक थंड, फार थंड. काही गुणांना पायऱ्या नसतात, एक कड असते. ती ओलांडली की गोष्ट झाली, नाहीतर नाही झाली. मेलेला माणूस फार मेलेला नसतो. उत्तर बरोबर असतं किंवा नसतं. इंग्रजीत पायऱ्यांच्या शब्दांना व्हेरी चालतो, कडेच्या शब्दांना ॲब्सोल्यूटली, कंप्लीटली, टोटली असे शब्द लागतात. व्हेरी बिग, पण ॲब्सोल्यूटली इनॉर्मस. व्हेरी कोल्ड, पण ॲब्सोल्यूटली फ्रीझिंग. इनॉर्मसच्या पोटात ‘फार मोठा’ आधीच आहे, त्याला पुन्हा व्हेरी लावायला जागा नाही.

हा नियम इंग्रजीच्या वर्गात सांगितला की मुलं मान डोलवतात आणि दुसऱ्या दिवशी व्हेरी इनॉर्मस लिहून आणतात. तोच नियम मराठीतून दाखवला की चित्र बदलतं. ‘खूप बरोबर’ असं आपण म्हणतो का? नाही, ‘अगदी बरोबर’. ‘खूप विसरलो’? तसं म्हटलं तर पुष्कळ गोष्टी विसरलो असा अर्थ होतो. पूर्ण विसरलो असेल तर साफ विसरलो. ‘खूप बहिरा’ कानाला टोचतं, ठार बहिरा बरोबर बसतं. ठार वेडा, ठार आंधळा, ठार मेला. ‘खूप फसला’ म्हणता येईल, पण त्यात सुटकेला वाव राहतो. पुरता फसला म्हटलं की संपलं. अगदी, साफ, पार, ठार, पुरता: हे सगळे कडेचे शब्द आहेत, आणि त्यांच्यातही वाटणी झालेली आहे. अगदी नेमकेपणाकडे ओढतो, साफ नाकारण्याकडे आणि पुसून जाण्याकडे, पार नासाडीकडे, ठार ज्ञानेंद्रियं आणि जीव जाण्याकडे. मराठी माणूस बोलताना यांची गल्लत करत नाही. मग कंप्लीटली फरगॉट, ॲब्सोल्यूटली राइट, अटर्ली रुइन्ड यांची गल्लत त्याने का करावी? तो इंग्रजी शब्दाचा मराठी अर्थ शोधतो म्हणून करतो. त्याऐवजी इंग्रजी जोडीशेजारी मराठी जोडी ठेवली, की कान आपोआप कामाला लागतो.

काही जोड्या इतक्या जुळतात की आश्चर्य वाटतं. ब्रँड न्यू म्हणजे नवाकोरा. बोन ड्राय म्हणजे कोरडाठाक, सोकिंग वेट म्हणजे ओलाचिंब. पिच डार्क म्हणजे मिट्ट काळोख. वाइड अवेक म्हणजे टक्क जागा, आणि फास्ट अस्लीप म्हणजे गाढ झोपलेला. यांतला फास्ट इंग्रजीत एरवी वेगाचा शब्द आहे आणि झोपेला वेग नसतो, तरी तो तिथे बसला आहे, कारण घट्ट, पक्का हा त्याचा जुना अर्थ झोपेने जपून ठेवला. आपल्याकडे ‘टक्क’ जागेपणाशी आणि बघण्याशीच राहिला. मिट्ट काळोखाशी राहिला, आणि गोडाशी. अशा शब्दांचा स्वतंत्र अर्थ काय, असं विचारणाऱ्या विद्यार्थ्याला मी एवढंच सांगते, की बाळा, याचा अर्थ याच्या शेजाऱ्याला विचार.

भाषाशास्त्रात हा विचार ज्यांच्या नावाने ओळखला जातो, ते जे. आर. फर्थ 1919 ते 1928 या काळात लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. शब्दाचा अर्थ त्याच्या सोबत्यांवरून ठरतो, हे सूत्र त्यांनी 1957 मध्ये मांडलं. पण शब्दांच्या जोड्या गोळा करण्याचं काम त्याच्याही आधी सुरू झालं होतं, आणि ते केलं शिक्षकांनी. हॅरल्ड पामर टोकियोत जपानी विद्यार्थ्यांच्या इंग्रजीवर काम करत होते. 1933 मध्ये त्यांनी इंग्रजी शब्दजोड्यांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांचे सहकारी ए. एस. हॉर्नबी यांनी त्याच वाटेने पुढे जाऊन शिकणाऱ्यांसाठी कोश तयार केला. तो 1942 मध्ये टोकियोत छापला गेला आणि 1948 मध्ये ऑक्सफर्डने पुन्हा काढला. आज आपल्याकडे शाळा-कॉलेजांत जो ऑक्सफर्डचा विद्यार्थी कोश सर्रास दिसतो, त्याचं मूळ ते. मला यातली मोलाची गोष्ट ही वाटते, की इंग्रजीच्या जोड्या आधी लक्षात आल्या त्या इंग्रजी शिकणाऱ्या परक्या माणसांच्या चुकांमधून. ज्याची ती मायबोली आहे त्याला जोडी दिसत नाही. चुकीची जोडी ऐकल्यावर दिसते. 1960 च्या दशकात मॉस्कोतल्या इगॉर मेल्चुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर जगातल्या सगळ्या भाषांतल्या या जोर देणाऱ्या नात्याला एकच नाव दिलं, ‘मॅग्न’. काळोखाचा मॅग्न मराठीत मिट्ट, इंग्रजीत पिच. पावसाचा मॅग्न मराठीत मुसळधार, इंग्रजीत हेवी. नातं सगळीकडे आहे, शब्द ज्याचा त्याचा.

पाऊस निघालाच आहे तर नाक्यावरचा एक दिवस बघू. जुलैत महामार्गावर पाणी साचलं की इंग्रजी बातमीत रेन हेवी असतो आणि ट्रॅफिकही हेवीच असतं. वारा मात्र हेवी नसतो, तो स्ट्राँग असतो. मराठीत तिघांना तीन शब्द: मुसळधार पाऊस, सोसाट्याचा वारा, प्रचंड कोंडी. रिक्षावाला यातलं काहीच म्हणत नाही, तो म्हणतो ‘जाम ट्रॅफिक आहे’. कराडकडून आलेला म्हणतो ‘लय पाऊस’. हे दोन्ही शब्द कुठल्याही गोष्टीला जोडता येतात, म्हणूनच ते तोंडात बसतात. विद्यार्थी विचारतात की मग इंग्रजीतही एकच जाम घेतला तर काय बिघडलं? रस्त्यावर काही बिघडत नाही. अर्जात बिघडतं, दवाखान्यात बिघडतं.

दवाखान्याचंच उदाहरण देते. रजेच्या अर्जात एका विद्यार्थ्याने लिहिलं होतं, ‘माय फादर इज व्हेरी सीरियस’. आपल्याकडे ‘पेशंट सीरियस आहे’ हे रोजचं मराठी आहे, आणि ते ऐकताच काळजात धस्स होतं. इंग्रजी वाचणाऱ्याला मात्र त्या ओळीत एवढंच दिसेल की वडील फार गंभीर स्वभावाचे आहेत, थट्टा-मस्करी करत नाहीत. इंग्रजीत सीरियस हा वडिलांचा गुण व्हायला नको होता, त्याने आजाराच्या जोडीला उभं राहायला हवं होतं: सीरियसली इल. शब्द तेच होते, चूक फक्त कोण कुणाशेजारी बसलं याची होती. अशा अर्जावर रजा नाकारली गेली तर त्या मुलाला आपलं काय चुकलं हे जन्मात कळणार नाही. या पुस्तकातलं तिसरं प्रकरण आजारपणाच्या जोड्यांचं आहे आणि ते सर्वांत मोठं आहे, ते यामुळे.

‘फार’ आणि ‘टू’ यांच्या घोटाळ्यावर वेगळं प्रकरण आहे. मराठीतला फार दोन कामं करतो. ‘मुलगी फार हुशार आहे’ यात कौतुक आहे. ‘चहा फार गोड झालाय’ यात तक्रार आहे. इंग्रजीत ही दोन कामं दोघांत वाटलेली आहेत, कौतुकाला व्हेरी, तक्रारीला टू. ‘टू स्वीट’ म्हणजे नको इतका गोड. आपल्या बोलण्यात टू गुड, टू ब्यूटिफुल असं कौतुक म्हणून येऊ लागलं आहे आणि मित्रमंडळीत ते खपूनही जातं, पण नोकरीच्या मुलाखतीत ‘द ऑफिस इज टू बिग’ म्हटलं तर समोरच्याला वाटेल की याला ऑफिस आवडलं नाही. इथेही मराठीत आधार आहे, फक्त तो फारमध्ये शोधायचा नाही, चवींमध्ये शोधायचा. गोडमिट्ट, आंबटढाण, कडूजहर, तिखटजाळ. या चारांपैकी एकाही शब्दाने सहसा कुणी स्वयंपाकाची तारीफ करत नाही. गोडमिट्ट चहा म्हणणारा पेला बाजूला सारत असतो. म्हणजे मराठीचा ‘टू’ चवीच्या शब्दांत दडलेला आहे. मुलांना ‘आंबटढाण ताक’ इंग्रजीत सांगायला लावलं की टू सॉवर हे उत्तर आपसूक येतं, व्हेरी सॉवर येत नाही.

खालच्या पायरीचे शब्दही असेच मनाचे निघतात. ‘जरा’ घ्या. जरा उशीर झाला, जरा महाग आहे, जरा खारट झालंय. ‘जरा सुंदर आहे’ असं नाही म्हणत. न आवडलेलं मवाळ करून सांगायला जरा लागतो. इंग्रजीतला ‘अ बिट’ याचा सख्खा भाऊ: अ बिट लेट, अ बिट एक्स्पेन्सिव्ह, पण अ बिट ब्यूटिफुल नाही. ‘फारसा’ तर नकाराशिवाय घराबाहेरच पडत नाही. ‘फारसं आवडलं नाही’ ठीक, ‘फारसं आवडलं’ अर्धवट. मुळीच, अजिबात, यत्किंचित, काडीमात्र हेही नकाराचे सोबती. इंग्रजीत अशा जागी मच आणि ॲट ऑल उभे असतात. ‘डोन्ट लाइक इट मच’ म्हणजे फारसं आवडत नाही. होकारार्थी वाक्यात नुसतं ‘लाइक इट मच’ अवघडतं, तिथे व्हेरी मच किंवा अ लॉट लागतं.

क्रमाच्या बाबतीत मात्र मराठी मदतीला येत नाही, उलट पाय ओढते. ‘पुरेसा मोठा’ म्हणताना पुरेसा आधी येतो, म्हणून मुलं ‘इनफ बिग’ म्हणतात. इंग्रजीत इनफ विशेषणाच्या मागून चालतो: बिग इनफ. नामाच्या मात्र पुढे: इनफ मनी. हे सरळ पाठ करावं. लिंग-वचनाची गोष्ट याउलट सुखाची. मराठीत जोर देणारा शब्दही अनेकदा बदलतो. भलताच हुशार मुलगा, भलतीच हुशार मुलगी, पुरता फसला, पुरती फसली. इंग्रजीत ही कटकट नाही.

क्रियापदांच्या जोड्यांसाठी मी वर्तमानपत्रं वापरली. मराठी बातमीदारांची या बाबतीतली संपत्ती थक्क करणारी आहे. कडाडून विरोध, सडकून टीका, कसून चौकशी, निक्षून सांगितलं, साफ नकार, भरभरून कौतुक, सपाटून मार. प्रत्येक कृतीला आपला जोर. काशीमीरा पोलिसांच्या बातम्या नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर रोज वाचल्या जातात आणि त्यांत ‘कसून’ शब्द हमखास असतो, म्हणून वर्गात सुरुवात तिथून केली. कसून चौकशी, थरली इन्व्हेस्टिगेट. मग कडाडून विरोध, स्ट्राँगली अपोज. साफ नकार, फ्लॅटली रिफ्यूज. मुलांनी त्या दिवशी ज्या वेगाने उत्तरं दिली, तो वेग व्हेरीच्या धड्यात कधी दिसला नव्हता.

एक काळजीही इथे सांगितली पाहिजे. जोर देणारे शब्द झिजतात. व्हेरीचं मूळ ‘खरा’ या अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दात आहे, आज त्यात खरेपणा कुणाला जाणवत नाही. ऑफुली, टेरिबली यांच्यातली भीती गेली, आपल्या ‘भयंकर’मधलीही जात आहे. हे सगळ्या भाषांत होत आलं आहे आणि त्याचं मला दुःख नाही, कारण झिजलेल्याच्या जागी लोक नवं आणतात. लय भारी आलं, कडक आलं. पण गेल्या काही वर्षांत लिहिण्या-बोलण्यातली मराठी एका ‘खूप’वर येऊन थांबली आहे, ही वेगळी गोष्ट आहे. खूप पांढरं, खूप काळं, खूप ओलं, खूप शांत. जाहिरातीत, मालिकेत, शाळेच्या कार्यक्रमाच्या सूत्रसंचालनात खूप खूप आणि खूपच. हिंदीतल्या बहुतचं आणि इंग्रजीतल्या व्हेरीचं हे भाषांतर आहे. ज्या मुलाच्या कानावर चिडीचूप, ओलाचिंब, लख्ख, तुडुंब हे शब्द पडलेच नाहीत, त्याला फास्ट अस्लीप कसं समजावणार? त्याच्याकडे तोलून बघायला मापच उरणार नाही. म्हणून या पुस्तकात मराठी जोड्या इंग्रजीपेक्षा जास्त आहेत. काही मित्रांना हे खटकलं. मी त्या कमी केल्या नाहीत.

जुने कोश या कामात मोठा आधार ठरले. मोल्सवर्थचा 1831 चा आणि 1857 मध्ये वाढवून काढलेला मराठी–इंग्रजी कोश, आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश. मोल्सवर्थने बोलीतले, आवाजाचं अनुकरण करणारे शब्द मनापासून टिपले आणि त्यांच्यासमोर इंग्रजी उतरवलं. मराठी जोडी आणि इंग्रजी जोडी समोरासमोर मांडण्याचं काम त्याने कितीतरी आधी करून ठेवलेलं आहे, फक्त ते मराठी वाचू पाहणाऱ्या इंग्रजांसाठी होतं. आपण तो कोश दुसऱ्या टोकाने उघडायचा. मोरो केशव दामले यांचं 1911 चं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ही शिक्षकांनी हाताशी ठेवावं. अव्ययांकडे इतक्या आस्थेने बघणारा वैयाकरण मराठीला पुन्हा क्वचितच लाभला.

पुस्तकातून काही गोष्टी मुद्दाम वगळल्या आहेत. ब्रिटिश आणि अमेरिकन इंग्रजीतल्या क्वाइटचा फरक दोन ओळींत आटोपला आहे. क्वाइट गुडमध्ये क्वाइट म्हणजे बऱ्यापैकी आणि क्वाइट राइटमध्ये तोच अगदी, एवढं कळलं तरी इथल्या कामाला पुरे. सिनेमातलं, मोबाइलवरचं तरुण पोरांचं इंग्रजी घेतलं नाही. ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं येतं.

शिक्षकांना एक विनंती. या धड्यांवर गाळलेल्या जागा भरा असे प्रश्न घालू नयेत. अनेक ठिकाणी दोन उत्तरं बरोबर असतात आणि त्यांचा अर्थ मात्र एक नसतो. व्हेरी डिफरंटही बरोबर, कंप्लीटली डिफरंटही बरोबर, जसं मराठीत खूप वेगळं आणि अगदी वेगळं. खूप वेगळ्या दोन भावांत काहीतरी सारखं असू शकतं, अगदी वेगळ्या दोन भावांत ते शोधावं लागतं. विद्यार्थ्याने यातलं कोणतं लिहिलं हे तपासण्याऐवजी त्याला ते का हवं होतं हे विचारावं, मराठीत विचारावं, आणि त्याचं सांगणं पूर्ण होईपर्यंत खडू हातात घेऊ नये.